हारून मेमोरियल कप

बहारीनमधील सनद गावच्या ज्या वाळूच्या मैदानावर हारूनभाईंनी रत्नागिरीकडच्या मुलांचा फुटबॉल संघ उभा केला होता, तेथे निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, १९९६ साली, ते दापोलीहून पाहुणे म्हणून आले. मैदानाच्या दाराशीच भव्य फलक होता : ‘मरहूम हारून मेमोरियल कप’.

“उबेद, मी मेलो तरी कधी रे?” त्यांनी संघाच्या अध्यक्षाला विचारले.

“हळू बोला, चाचा! जिवंत माणसाच्या नावाला स्पॉन्सर मफी, एकही मिळत नाही. मेमोरियल म्हटलं, की कंपनी लगेच तयार. तळाच्या लीगमधल्या टीमला एरवी कोण विचारतो? यल्ला, मागं जाऊन बसा, तुमचं मौन सुरू होतंय.”

हारूनभाई मागे जाऊन बसले. समोर संघ माना खाली घालून उभा होता. त्यांतल्या प्रत्येकाला त्यांनीच घडवले होते आणि प्रत्येकाने त्यांना दारातून येताना पाहिले होते. मौन संपल्याची शिट्टी वाजली, तरी एकाचीही मान वर झाली नाही.

तेव्हा, कोणी गेल्याची वार्ता कानी येताच म्हणायचे ते शब्द हारूनभाईंनी त्या खेळाडूंकडे पाहत सावकाश उच्चारले, “इन्ना लिल्लाहि...”