डावा आरसा

खंडेराव गेटजवळच्या दुकानात काउंटरवर आरशांच्या जोड्या मांडल्या होत्या. काळे, चकचकीत, गोल, चौकोनी. सलीलने एक गोल आरसा उचलला आणि त्यात स्वतःचे केस नीट केले.

बाहेर त्याची मोटरसायकल उभी होती. हँडलवर आरशांच्या नुसत्या दांड्या उरल्या होत्या. सोमवारी लक्ष्मी तालच्या रस्त्यावर ती पेरूच्या हातगाडीवर आदळली होती. सलीलला खरचटलंही नाही. मागे बसलेल्या नीरजाच्या, त्याच्या बायकोच्या, मनगटाला प्लास्टर घालावं लागलं.

"भाभीजी, आप ही पसंद कर दीजिए," दुकानदार म्हणाला. "भैया से तो तय नहीं हो रहा."

"इनको क्या पता इसका," सलील म्हणाला.

नीरजा पुढे झाली. एका कोपऱ्यातली छोटी, चपटी जोडी तिने चांगल्या हाताने ओढून घेतली. "ये कहाँ लगता है?"

"हँडल के सिरे पर, भाभीजी. नीचे की तरफ. दिखने में भी मस्त, और पीछे की पूरी सड़क साफ."

"और पीछे बैठने वाला?"

दुकानदार हसला. "वो इसमें नहीं दिखेगा. उसे देखकर करना भी क्या है?"

"यही दे दीजिए."

सलीलने हातातला आरसा खाली ठेवला. दुकानदाराला कळू नये म्हणून तो मराठीत बोलला, पण आवाज दाबायचं त्याला जमलं नाही. "काय चाललंय तुझं?"

"आरसे घेतेय."

"एवढ्याशा काचेत काय दिसणार?"

"रस्ता दिसेल. तेवढ्यासाठीच असतात आरसे."

लग्न झाल्यापासून त्याच्या गाडीचा डावा आरसा रस्त्याकडे नव्हताच. तो नीरजाच्या चेहऱ्याकडे वळवलेला असायचा. रोज सकाळी तो तिला ऑफिसात सोडायचा, संध्याकाळी आणायचा, आणि वाटभर त्या आरशात बघायचा. ती कुणाकडे बघते. कुणाला बघून मान वळवते.

"उगाच तमाशा करू नकोस इथे," तो म्हणाला.

"तमाशा सोमवारीच झाला. अख्खी हातगाडी समोर होती आणि तुम्ही आरशात बघत होता."

"तू हसत होतीस म्हणून."

नीरजाने त्याच्याकडे वळून बघितलं.

"पाहिलंय मी," सलील म्हणाला. "गालातल्या गालात हसत होतीस. काय आठवून हसत होतीस, ते अजून सांगितलं नाहीस."

दवाखान्यात हाडाचा फोटो काढताना त्याने हेच विचारलं होतं. घरी आल्यावरही. तिने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. आत्ता दिलं.

"आठवून नाही, बघून हसत होते. त्या पेरूवाल्याच्या गाडीवर माकड चढून बसलं होतं. तो बिचारा त्याला हात जोडत होता. महाराज, उतरा म्हणत होता."

"माकड."

"हो, माकड. तुमच्या अगदी नाकासमोर. समोर बघितलं असतंत तर तुम्हीही हसला असता."

"बरं सुचलं तुला," सलील म्हणाला. "इतके दिवस लागले सुचायला."

नीरजाचा चेहरा उतरला नाही. उलट एखादं काम संपल्यासारखा मोकळा झाला. छोटी जोडी तिने होती तिथे सरकवून दिली आणि ती दुकानाची पायरी उतरली.

सलीलने सगळ्यात मोठे, लांब दांडीचे आरसे घेतले. दुकानदाराने बाहेर येऊन ते बसवले, मागे उभं राहून दोन्ही मागचा रस्ता दिसेल असे लावून दिले. सलील हेल्मेट घालून गाडीवर बसला आणि डावा आरसा त्याने आत वळवला. मग आणखी आत.

"भैया, ऐसे में तो ट्रक भी नहीं दिखेगा."

"रहने दो. ठीक है."

आरशात आता नीरजा होती. ती कडेला उभी होती, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात छातीशी धरून.

"बैस," तो आरशाकडे बघत म्हणाला.

ती हलली नाही.

"बैस म्हणतोय ना."

"नाही."

"नीरजा, लोक बघतायत."

"बघू देत."

दुकानदार पाना घेऊन आत निघून गेला. सलीलने गाडी चालू केली, एक्सिलरेटर पिळला, गाडी जागच्या जागी गुरगुरली. "मी शेवटचं सांगतोय."

नीरजाने मोकळा हात वर केला. येणारी एक ई-रिक्शा थांबली. मागची सीट भरलेली होती. ड्रायव्हरच्या पाठीला पाठ लावून असलेली, उलट्या तोंडाची सीट तेवढी रिकामी होती. "लक्ष्मी गेट," असं म्हणून ती त्या सीटवर चढून बसली. मागे वळून बघायची गरजच नव्हती. ती मागेच तोंड करून बसली होती.

रिक्शा निघाली. सलील मागोमाग आला. त्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. तिच्यासमोर बसलेल्या दोघी बायकांनी माना मागे वळवल्या, मग चोरून तिच्याकडे बघितलं.

त्या दोघींच्या खांद्यांमधून नीरजा थेट त्याच्याकडे बघत होती. चौकात, गर्दीत, खड्ड्यांतून, सलग. पापणी हलत नव्हती. मध्ये एक म्हैस आडवी आली, रिक्शा थांबली, आणि मोटरसायकल जवळ, अगदी हाताच्या अंतरावर येऊन थांबली. तरी ती बघतच राहिली. एवढ्या जवळून, भर उन्हात, इतका वेळ तिने त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

हॉर्न थांबला.

म्हैस गेली. रिक्शा हलली. सलीलने हेल्मेटची काळी काच खाली ओढली.