नाव वाचा

पाच प्रकल्पांची नावं अध्यक्षांनी खणखणीत आवाजात वाचली. सहाव्यापाशी ते खाकरले. "आणि हा... बायकांचा तो. चला, लावा टिकल्या."

भिंतीवर सहा तक्ते होते, प्रत्येकाच्या हातात तीन लाल टिकल्या. जास्त टिकल्या मिळतील त्या संशोधनाला यंदा पैसा, बाकीची कपाटात. औषधं नि उपचाराची साधनं बनवणाऱ्या या संस्थेत मतदानाआधी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचं, अशी जुनी पद्धत होती.

खुर्च्या सरकल्या. सहाव्या प्रकल्पाची संशोधक मात्र सगळ्यांच्या आधी उठली आणि भिंत अडवून उभी राहिली.

"नाव राहिलं, सर."

सगळ्यांना माहीत आहे, असं अध्यक्ष म्हणाले. मग तर वाचायला काहीच अडचण नाही, असं ती म्हणाली. विक्रीप्रमुखांनी हसत सुचवलं, की नाव जरा बेतानं ठेवायला हवं होतं. असल्या नावाचं खोकं कोणता दुकानदार पुढे मांडेल? मूळव्याधीचं मलम मांडतोच की, ती म्हणाली. दोघं-तिघं खाली बघून हसले.

अध्यक्षांनी समजुतीचा सूर लावला. "मॅडम, यानं कुणी मरत नाही. आधी मरणाची दुखणी घेऊ."

"मरत नाहीत, सर. म्हणून तर जन्मभर सोसतात. नाव वाचा. मग एकही टिकली लावू नका, हवं तर."

ती हलेना. अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि ओठातल्या ओठात वाचलं, "अंग बाहेर येणाऱ्या बायकांसाठी मऊ कडं." बाळंतपणांनी सैल पडून खाली घसरणारं गर्भाशय जागेवर धरून ठेवायचं, ते कडं. बाजारात मिळतं ते कडक, आत रुततं.

"ऐकू नाही आलं."

बोलल्या त्या हिशेब विभागाच्या ताई. निवृत्तीला आलेल्या, पण शेजारच्या खोलीतली कुजबुजही त्यांच्या कानातून सुटत नसे. अध्यक्षांनी पुन्हा वाचलं, जरा बरं.

"मलाही नाही," प्रयोगशाळेतली एक तरुण मुलगी म्हणाली.

तिसऱ्यांदा नाव इतकं मोठ्यानं वाचलं गेलं, की बाहेर व्हरांड्यात लादी पुसणारी बाई हातातलं फडकं तसंच धरून थांबली.

"आता आलं," ताई म्हणाल्या.

संशोधक बाजूला झाली. भिंतीपाशी गर्दी झाली, पांगली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि झालं असेल तर मोजू या, म्हणून पुढे आले. ताईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले, उठल्या आणि श्वास धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. तिन्ही टिकल्या त्यांच्या मुठीत होत्या.

"थांबा, सर," त्या म्हणाल्या. "मला चालायला वेळ लागतो."