पालथी बोटं

"वाळलं का गं?" टेबलापलीकडून नवऱ्याने विचारलं.

"आत्ता तर लावलाय रंग," ती म्हणाली. "जरा दम धरा."

दम धरा म्हणणारी ती, हीच मोठी गंमत होती. आजवर दम निघाला नव्हता तो तिलाच. ओल्या रंगावर दुसरा रंग चढवायची आणि चित्रातल्या अख्ख्या रानाचा चिखल करून बसायची. नवऱ्याची लॉन्ड्री होती. कपडा सुकला की नाही, हे तो पालथी बोटं टेकवून सांगायचा. ओल असली की गार लागतं. तीच युक्ती त्याने तिच्या कागदाला लावली. तो "हं, चालू दे" म्हणाला की मगच तिचा ब्रश पुढे सरकायचा. चित्र पुरं झालं की चष्मा कपाळावर चढवून तो निकाल द्यायचा. निकाल ठरलेला असे: "छान आहे. एक झाड जरा जाड झालंय." त्यावरून घरात काही कमी भांडणं झाली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात त्याची नजर गेली. आता खिडकी कुठे आहे एवढं त्याला कळायचं, बस्स. तिने रानातल्या वाटा सोडल्या, रंगांची पेटी माळ्यावर टाकली. रंगांची पिशवी पाठीवर घेऊन रानात पुढे चालणाराच घरी बसला, तर जायचं कशाला आणि काढलेलं दाखवायचं कुणाला? शेवटी आज सकाळी त्यानेच हट्टाने तिला सुनेबरोबर रानात पिटाळलं होतं.

ती जाऊन आली. त्याच्या आग्रहाखातर पेटी खाली काढली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला आणि खोडं रंगवली. पण मनाशी ठरवूनच बसली होती की हे शेवटचं. उद्या पेटी नातीला देऊन टाकायची.

"मग? काय होतं रानात?"

"झाडं होती."

"रानात झाडं? नवलच की!"

तिला हसू फुटलं, पण टिकलं नाही. "तुम्ही नव्हता," ती म्हणाली. "मला काही बघवलंच नाही धड."

त्याने हात पुढे केला, चाचपडत कागदाची कड शोधली आणि पालथी बोटं अलगद टेकवली.

"अहो, ओलं आहे!"

"ते तू मला सांगतेस?"

बोटं हळूहळू डावीकडून उजवीकडे निघाली. थांबली. सरकली. पुन्हा थांबली.

"गार लागलं. हे झाड," तो पुटपुटला. "मग कोरडं. पुन्हा झाड. इथे वाट सोडलीयस, होय ना? रुंद आहे चांगली. दोघं जातील."

ती श्वास रोखून बघत राहिली. बोटांमागून रंग थोडा फरफटत होता, खोडांच्या कडा बिघडत होत्या. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिने त्याला अडवलं नाही.

शेवटच्या खोडावर बोटं रेंगाळली. एकदा या कडेला गेली, एकदा त्या कडेला. मग सवयीने त्याचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथे नव्हता. कपाळाला तपकिरी रंग तेवढा लागला.

"छान आहे," तो म्हणाला. "हे एक जरा जाड झालंय."

झालं होतंच. तिचे डोळे भरून आले. हे वाक्य पुन्हा कानावर पडेल असं तिला वाटलंच नव्हतं, आणि कुणाचे आभार मानावेत तेही तिला कळेना. पदराने तिने त्याचं कपाळ पुसलं.

"झालंय म्हणे! मुळात जाडच आहे ते," ती म्हणाली. "रविवारी पुन्हा जाऊन बघून येते, हवं तर."

त्याने पालथी बोटं परत कागदाला टेकवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली.

"हं," तो म्हणाला. "चालू दे."