गोधडीची जागा

बारशाला जमलेल्या बायकांनी पाळणा मऊ उशांनी, दुपट्यांनी गच्च सजवला होता. "आण गं केतकी, घाल तिला!" बाळाच्या आत्याने हात पुढे केले.

केतकी लेकीला एका हाताने छातीशी धरून दुसऱ्याने उशा बाहेर काढू लागली.

"अगं, पाळणा ओकाबोका दिसेल! आणि रात्री तुझ्याच कुशीत झोपणार ना ती?"

"नाही, ताई. रात्रीही इथेच."

केतकीचा पहिला मुलगा आईबाबांच्या मध्ये, उबदार पांघरुणात झोपला होता. सकाळी उठलाच नाही. डॉक्टरांनाही नेमके कारण सांगता आले नाही. पुढच्या बाळाला जवळच, पण वेगळ्या, मोकळ्या अंथरुणावर उताणे निजवा, एवढेच ते म्हणाले.

मग सासूबाईंनी नातीसाठी हौसेने शिवलेली गोधडी पाळण्यातून उचलली आणि खाली, पाळण्याला हात पोचेल अशी अंथरली.

"इथे तू नीज," त्या सुनेला म्हणाल्या आणि लेकीवर गरजल्या, "बघत काय राहिलीस? नाव सांग!"

मोकळ्या पाळण्यात निजवलेल्या बाळाच्या कानाशी आत्या वाकली. "कुर्र!" बायकांनी हसत तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोराचा धपाटा केतकीचा होता.