सहा महिन्यांनंतरची शैलजा

डॉक्टरांच्या खोलीत पहिला फोन शैलजाने उचलला. पलीकडे तिचाच आवाज होता, सहा महिन्यांनंतरचा.

"मी नैराश्यावरची गोळी घेतेय," पलीकडची म्हणाली. "सुरुवातीला मळमळलं, आता वजन वाढलंय. पण रडू थांबलं. पुन्हा तानपुरे लावायला बसते. सूर अचूक लागतो, फक्त तो ऐकून अंगावर काटा येत नाही."

अलीकडे फोन धरून बसलेल्या, मिरजेच्या या तानपुरे घडवणाऱ्या बाईने कित्येक महिन्यांत तारेला हात लावला नव्हता.

दुसऱ्या फोनवर उत्तेजक गोळी घेणारी शैलजा होती. ती भराभर बोलत होती. "पहाटेच उठते. साचलेलं सगळं काम उरकलं. पण जेवण जात नाही, झोप नाही, छाती धडधडते. गोळीचा जोर ओसरला की संध्याकाळ खायला उठते."

"दोन्हीत काही ना काही बिघडतंच आहे," तिचा नवरा प्रसन्न डॉक्टरांना म्हणाला. "मग गोळ्या हव्यातच कशाला? विश्रांती घेतली की होईल ती बरी."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. काहीच औषध न घेणाऱ्या शैलजाचा नंबर लावून त्यांनी फोन प्रसन्नच्या हातात दिला.

रिंग वाजत राहिली आणि थांबली. त्याने पुन्हा नंबर लावला. पुन्हा कुणीच उचलला नाही.

प्रसन्नने फोन हळूच खाली ठेवला. कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी घेऊन तो शैलजापाशी आला.

"काय म्हणाली ती?" शैलजाने विचारलं.

"गोळी घे म्हणाली."