कोरडा भात

पानात भाताची मूद होती, वर पिवळंधमक वरण होतं, लिंबाची फोडही होती. तूप तेवढं नव्हतं. शेठ हरप्रसाद हात आखडून बसले होते. झाशीतल्या मराठी घरांत जेवून त्यांना रीत पाठ झाली होती. भातावर तूप पडल्याशिवाय इथे कुणी घास घेत नाही. आणि ते तूप त्यांच्याच कंपनीचं असायचं, कळस छाप!

शेजारच्या पाटावर यजमान यज्ञेश्वर चुळबुळत होते. ते शेठजींच्या सदर बाजारातल्या पेढीवर कारकून. मुख्य मुनीम कोण होणार, ते शेठजी आज जेवण झाल्यावर सांगणार होते.

"अगं, तूप वाढतेस ना?"

"घरात तूप नाही," त्यांची बायको अंबिका म्हणाली.

"क्यों? सुबह ही तो डिब्बा भिजवाया था," शेठजी म्हणाले.

"लौटा दिया. दूसरा मँगाया नहीं, कहीं आप उसे अपना न समझ बैठें."

यज्ञेश्वरांनी मान खाली घातली. निवडणुकीला उभे राहिलेले शेठजी झाशीजवळच्या मऊरानीपूरच्या सभेत गरजले होते, "ये शरणार्थी जहाँ से आए, वहीं लौट जाएँ!" पहिल्या रांगेत बसून यज्ञेश्वरांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. नोकरी ती नोकरी. आठवडाभरात फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या शेजारच्या लाजवंतीच्या नवऱ्याची कापडाची टपरी लोकांनी उखडून फेकली. त्या दिवसापासून अंबिकेनं कळस छाप डबा विकत घेतला नाही. लक्ष्मी तलावाकाठच्या देवळात हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनाही तिनं सांगून टाकलं. बायकांनी दूधवाल्याकडून लोणी आणून घरीच कढवायला घेतलं, आणि पेढीवर डब्यांची चळत तशीच पडून राहिली. शेठजी आज जेवायला आले होते ते काही पुरणपोळीच्या ओढीनं नव्हे.

शेठजी हसले. "बहनजी, वह तो उन लोगों के लिए कहा था. आप तो अपने हैं."

"हम भी बाहर से ही आए थे, सेठजी. बस, ज़रा पहले आ गए."

शेठजींचं हसू मावळलं. ते यज्ञेश्वरांकडे वळले. "आप ही समझाइए इन्हें, मुनीमजी. बिना घी के तो आप खुद थाली को हाथ नहीं लगाते."

मुनीमजी! जो शब्द ऐकायला यज्ञेश्वर वर्षानुवर्षं थांबले होते, तो आज आयता पानात वाढला गेला होता. त्यांनी अंबिकेकडे पाहिलं. ती दाराची चौकट धरून उभी होती.

यज्ञेश्वरांनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या आणि वरणभात कालवून पहिला घास घेतला. मग त्यांनी पान पुढे सरकवलं.

"अगं, आणखी वाढ," ते म्हणाले. "कोरडाच."