जागेचा दोष

गुरवाने दोन पाकळ्या भिजवून देवीच्या मूर्तीवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डिचोलीजवळच्या या गावात लग्न, जमीन, बोअरवेल, सगळं या कौलावर ठरतं. आज सगुणना एवढंच विचारायचं होतं: सून तनयाला माहेरी धाडून मुलाचं, रुद्रेशचं, दुसरं लग्न करावं का?

रुद्रेश तुयेच्या औषध कारखान्यात केमिस्ट. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. तनयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोष निघाला नाही. शेवटी नाइलाजाने रुद्रेशची तपासणी झाली.

डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांना बसवून समजावलं. शरीरातल्या सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कुठे कुठली चालू करायची, ते काही प्रथिनं ठरवतात. शुक्राणू घडवणारी जनुकं चालू करणारं एक प्रथिन रुद्रेशच्या वृषणात नीट बनत नाही. त्यामुळे शुक्राणू अर्ध्यावरच अडतात. बाकी शरीराला त्या प्रथिनाची गरज नाही, म्हणून तो ठणठणीत दिसतो.

सगुणनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

"माझो झील ठणठणीत आसा," गाडीत बसताना ते म्हणाले. "सगळा जाग्यार आसा. हंय चलना, तर जागो बदलूया."

"खंयचो जागो, बाबा?" तनयाने विचारलं.

"बायल," सासूबाई सुमंगला म्हणाल्या. "तुझा म्हायार जवळच आसा, तुका त्रास नाय."

रुद्रेशकडे विज्ञानाची पदवी होती. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

त्यानंतर घरात विज्ञान फार वाढलं. सुमंगला शेजारणींना जनुकं समजावू लागल्या. "बटन आसा गो त्याच्याकडे. हिच्या हाताक लागना, इतक्याच." रुद्रेश ते ऐकायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचा.

देवीच्या मूर्तीवरून उजवी पाकळी पडली. सुमंगलांनी हात जोडले. सगुण मोठ्या मनाने सुनेकडे वळले.

"तुकाय काय विचारूचा आसात तर विचार गो. देवीक सगळी सारखी."

तनया पुढे आली. तिने पदर सारखा केला आणि गुरवाला म्हणाली, "माझा दुसरा लगीन झाला, तर माका भुरगा होतला काय? तेवढाच विचारा."

गुरवाने सगुणकडे पाहिलं. सगुणनी देवीकडे पाहिलं. देवीसमोर दिलेला शब्द परत घेता येत नव्हता. गुरवाने नव्या पाकळ्या भिजवल्या.

त्याचा हात मूर्तीकडे निघाला, तेवढ्यात रुद्रेश गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत धावला.

"काका, लावू नकात," तो म्हणाला. "तिका होतला. माका ठाऊक आसा."